तंबूतला पाहुणचार
वेल्समधल्या त्या कुरणावर सकाळी धुकं इतकं खाली उतरतं, की मेंढ्या नुसत्या ऐकू येतात, दिसत नाहीत. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या ऑफिसातली दहा वर्षं मी अशा सकाळींवरच काढली. शुक्रवारी लॅपटॉप मिटायचा, तंबू गाडीत टाकायचा आणि शनिवारी उजाडताना चहाचा मग हातात धरून बसायचं. तिथे जाऊन करतेस काय, असं कुणी विचारलं तर मला धड सांगताही येत नसे.

मग डोक्यात किडा शिरला, की हेच काम का करू नये? इथल्या आपल्या मराठी लोकांना कॅम्पिंगला न्यायचं, रीतसर पैसे घेऊन. आई पुण्याहून फोनवर म्हणाली, "लोकांना चिखलात झोपवायचे पैसे घेणार तू?" मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. नोकरी जाईल याची भीती नव्हतीच मला. ज्या एका गोष्टीत जीव रमतो तिचाच धंदा मांडला आणि ती विटली, तर मी जायचं कुठे?

पहिल्या बुकिंगला दोन कुटुंबं आली आणि कार्डिफहून एकट्याच एक काकू, हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या डॉक्टर. आणि मी काय करावं? घरी पाहुणे आल्यासारखी कंबर कसली. थालीपीठं, लसणाची चटणी, दुपारी शिरा, संध्याकाळी भजी. "अजून एक घ्या ना, एकाने काय होतंय," करता करता शनिवार संपला. डोंगरावरून उन्हाची तिरीप सरकायची, लोक बघायला वळायचे, की मी ताट घेऊन मध्ये हजर. बिचारे "छान, छान" म्हणत खात होते. मला मात्र रडू येत होतं. त्या कुरणावर येऊन दिवसभरात आभाळाकडे एकदाही पाहिलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

रविवारी उजाडताच मी पुन्हा पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. धुकं तंबूच्या दाराशी येऊन थांबलं होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून स्टोव्ह पेटवत होते. वाटलं, झालं, उद्या ऑफिसला फोन करावा आणि सांगावं, परत येते.

तेवढ्यात काकू शाल गुंडाळून आल्या आणि घडीच्या खुर्चीत बसल्या.

"भूक लागली ना काकू? पाचच मिनिटं."

"ठेव गं ती सुरी," त्या म्हणाल्या. "हे गेले, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ज्याच्याकडे जाते तो मला वाढत सुटतो. शेजारी बसत कुणी नाही."

मी स्टोव्ह बंद केला आणि दुसरी खुर्ची ओढली. त्यांच्या शेजारीच बसले. धुक्यातून आधी कुंपण दिसायला लागलं, मग ओढा, मग डोंगराचा पायथा. काकूंनी माझा कांद्याचा वास येणारा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मला उठावंसंच वाटेना. या धंद्यात पैसे घेऊन मी केलेलं पहिलं खरं काम ते.