पिठाचा जड डबा

टॅमर रिडली कुठलाही डबा उघडण्याआधी हातात तोलून बघते. दुकानात बघते, चॅपलच्या चहापाण्यालासुद्धा बघते, आणि बायका एकमेकींना कोपरखळ्या मारतात. मी हसत नाही. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे.

उत्तर इंग्लंडात टाइन नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या खाणीतून विदराइट निघतो. आत बेरियम असलेला पांढरा दगड, भलताच जड. दळून पिठाशेजारी ठेवा आणि ओळखून दाखवा. वास नाही, चव नाही. पुरुष मूठभर घरी आणतात, ओटच्या पिठात कालवून उंदरांना घालतात. सकाळी उंदीर पाय ताणून पडलेले. म्हणून त्या पुडीचा डबा बाहेरच्या खोपटातच ठेवायचा, हा घरोघरचा नियम. पण त्या हिवाळ्यात खोपटाचं छप्पर गळायला लागलं आणि टॅमरच्या सासूने, हॅनाने, तो कुणाला न सांगता आणून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला. हॅनाला मोतीबिंदूने धड दिसत नव्हतं. पण ते तिला सांगणार कोण?

त्या सकाळी टॅमरचा नवरा विल्फ आईने भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे जाड पाव, जेवणाच्या डब्यात घेऊन कामावर गेला. मागे आवरताना टॅमरने पिठाचा म्हणून डबा उचलला आणि वजनाने तिचा हात खाली गेला. ती तशीच माझ्या दारात आली.

"नेली, हे धर जरा."

मी धरला, झाकण उघडलं. चिमूटभर पूड पेल्यातल्या पाण्यात टाकली. पीठ असतं तर पाणी गढूळच राहिलं असतं. ही सरळ तळाशी जाऊन बसली.

आम्ही दोघी आत गेलो. "आई, लाटताना पीठ कुठल्या डब्यातलं भुरभुरलंत?" टॅमरने विचारलं.

"पिठाच्या. मी काय आंधळी आहे?"

"हा उचलून तरी बघा, केवढा जड..."

"तुम्हाला वाटतं म्हातारी कामातून गेली." हॅनाने ताटलीत उरलेला स्कोन उचलला आणि आमच्याकडे तोंड करून चावून चावून खाल्ला. मी झडप घातली तोवर तो संपला होता.

टॅमर पांढरीफटक पडली. "यांना एप्सम मीठ पाज," एवढंच म्हणाली आणि खाणीकडे धावत सुटली.

ते जुलाबाचं मीठ इथे प्रत्येक घरात असतं. विष पोटातल्या आंबटात विरघळतं, तेच वाईट. मिठाशी गाठ पडली की त्याचा दुसरा दगड होतो, तितकाच पांढरा, तितकाच जड, पण विरघळत नाही. आला तसा निघून जातो.

मी कप भरला. हॅनाने दातखिळी बसल्यासारखे दात आवळले. "पीठ होतं ते. औषध कशाला?" कप तोंडाला लावणं म्हणजे दिसत नाही हे कबूल करणं. मी विनवलं, रागावले, शेवटी जबरदस्तीही केली. तिने सगळं माझ्या एप्रनवर थुंकलं. मी पुन्हा कप भरला. थोड्या वेळाने तिचे ओठ बधिर झाले, मग उलटी झाली. उठायला गेली तर पाय दुमडले.

"मुंग्या आल्या असतील," जमिनीवरून म्हणाली.

मी इतकी कधीच भ्याले नव्हते. ही इथे अशी, तर तिकडे जमिनीखाली विल्फचं काय?

टॅमर परतली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून, विल्फचा डबा छातीशी धरून. "उघडलासुद्धा नव्हता," ती म्हणाली. मग तिने जमिनीवरची सासू बघितली, भरलेला कप बघितला, आणि गुडघे टेकून बसली.

"आई, चूक माझी. काल फळी पुसताना मीच डब्यांची अदलाबदल केली. तुम्ही बरोबर नेहमीच्या जागेवरूनच पीठ घेतलंत."

हॅनाने कपासाठी हात पुढे केला.

"वेंधळी आहेस," म्हणाली, आणि कप रिकामा केला.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. येईल त्याला सांगायची, "सुनेने डब्यांचा घोळ घातला, मरता मरता वाचले." टॅमर तिथेच बसून ऐकायची. रोज प्रत्येक डबा तोलून मगच सासूच्या हाती द्यायची, कारण लाटणं तिने म्हातारीकडून कधीच काढून घेतलं नाही. आता म्हातारी नाही, पण टॅमरचा हात अजून तोलतोच. बायका म्हणतात, "एकदा सासूला मारायला निघाली होती, तेव्हापासून घाबरते." मी खरं सांगायला तोंड उघडलं की टॅमर टेबलाखालून माझा पाय दाबते.