चार आणे गुणिले चार आणे

उद्या सूर्य उगवेल का, या प्रश्नालाही ‘पंधरा आणे तीन पैसे’ असं उत्तर देणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. आमचे भावोजी. विमा कचेरीत कारकून. माणसं किती वर्षांनी मरतात याचे तक्ते दिवसभर उतरवून काढायचे, आणि संध्याकाळी ठाकूरद्वारच्या चाळीत येऊन तीच विद्या घरादारावर चालवायची. खात्रीची गोष्ट म्हणजे सोळा आणे. बाकी सगळं जग त्याच्या खाली. ताईला बघायला आले तेव्हा माझ्या बाबांनी भीतभीत विचारलं, “मुलगी पसंत आहे ना?” तर हा गृहस्थ पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणतो, “बारा आणे.” आईचा चेहरा पडला. लग्नानंतर आठच दिवसांत त्यांनी ताईचे सोळा केले, हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्यावर अन्यायाचा आरोप यायचा.

त्यांच्या घरात सगळं जोडीनं. दोन घड्याळं, दोन छत्र्या, स्टोव्ह आणि शेगडी. पाहुणा आला की समजावून सांगणार. “हे बघा, स्टोव्ह न पेटण्याचा संभव चार आणे. म्हणजे पाव. शेगडी न पेटण्याचा तोही पावच. एकाचं दुसऱ्यावर काही अडत नाही, म्हणजे दोन्ही घटना स्वतंत्र. स्वतंत्र असल्या की गुणायचं. पावाचा पाव, एक आणा! चहा बुडण्याची भीती फक्त एक आणा!” मी गेले त्या दिवशी नेमकी दोन्ही पेटेनात. ताई आतून म्हणाली, “अहो, काडेपेटी एकच आहे आणि ती मोरीत पडली.” आम्ही पोट धरधरून हसलो. भावोजीही हसले. काय मेलं हसत होतो आम्ही!

कारण त्याच वर्षी ताईला दिवस गेले. नाव परळच्या हॉस्पिटलात घातलेलं. आमची चाळ त्या हॉस्पिटलाच्या पाठीला लागून, मागच्या बोळातून चालत दहा मिनिटं. पहिलटकरणीनं माहेरी यायचं हे शेंबड्या पोराला कळतं. सातव्या महिन्यात आईबाबा आणि मी ताईला न्यायला गेलो, तर भावोजी कागद घेऊन बसलेले. म्हणाले, “परळला कळा सुरू झाल्या तर हिला हॉस्पिटलात न्यायला घरात कोण असणार? बाबा गिरणीत, दिवसपाळीला, त्यांना धरूच नका. आईंना दम्याची उबळ, चार आणे. कुसुम शाळेत शिकवायला गेलेली, आठ आणे. पावाचा निम्मा, धोका दोन आणे. आता इथे. टॅक्सी न मिळण्याचे चार आणे, व्हिक्टोरिया न मिळण्याचे चार आणे. पावाचा पाव. धोका एकच आणा. म्हणजे इथे राहणं दुपटीनं बरं!”

आई म्हणाली, “पयल्या बाळंतपणाक चेडू म्हायेराक येता, इतक्याच माका कळता, जावयबापू.” बाबा आपले दारात चपला घालता घालता हळूच म्हणाले, “पन टॅक्सीचो नि व्हिक्टोरियाचो रस्तो एकच मा?” त्यावर भावोजी केवढ्यानं हसले! “बाबा, रस्ता कुठे जातोय? तो तिथंच असतो!” आई गप्प बसली. आकड्यांपुढे ती नेहमीच गप्प बसायची. ताई कागदाकडे बघत होती. आम्ही तिघं गेलो तसे परत आलो.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. ताईला कळा सुरू झाल्या त्याच दुपारी गिरगावात गोळीबार झाला आणि संचारबंदी लागली. टॅक्सी एक दिसेना. व्हिक्टोरियावाल्यानं घोडा सोडून तबेल्यात बांधला होता, भावोजींनी त्याचे पाय धरले, तो म्हणाला, “साहब, घोडा मरेगा, मैं भी मरेगा.” कोपऱ्यावरच्या शिपायानं काठी उगारून भावोजींना घरी पिटाळलं. शेजारच्या चाळीतली सुईण कशीबशी गच्चीवरून आली. दिवेलागणीला मुलगी झाली. ती रडलीच नाही. पुढे ताईची कूस पुन्हा उजवली नाही.

दोन दिवसांनी संचारबंदी सैल झाली तशी मी परळहून चालत गेले. भावोजी दारातच होते. मी त्यांना काय काय बोलले! शेवटी म्हटलं, “तुमच्या त्या घटना स्वतंत्र नव्हत्या हो, संयुक्त होत्या! एका दांडक्यानं दोन्ही बंद पडल्या. माझ्या अंगठेबहाद्दर गिरणीवाल्या बाबांना दिसलं, तुम्हाला नाही?” त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून आणा हा शब्द गेला. पुढे सरकारनं नवे पैसे काढून आणे मोडीत काढले. आमच्या घरात ते आधीच निघाले होते. मी चार वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही. ताट वाढलं तर “वाढलंय” एवढंच.

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी ठाकूरद्वारच्या चाळीत साखर वाटत होते, रोषणाई होती. मी वाटी घेऊन गॅलरीत गेले. भावोजी एकटेच बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “कुसुम, ते आकडे मी मागाहून बसवले होते. उत्तर आधी धरलं होतं. ती तीन महिने परळला गेली असती तर मला करमलं नसतं गं. म्हणून.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच आत गेले. ताई नारळ खवत होती. तिला सगळं सांगितलं, वर म्हटलं, “ऐकलंस तुझ्या नवऱ्याचं? एवढ्यासाठी!”

ताईचा हात थांबला. “तेवढंच सांगितलं त्यांनी?”

“आणखी काय सांगायचं राहिलंय?”

“मला नव्हतं जायचं परळला,” ताई म्हणाली. “त्यांना सोडून राहायचं नव्हतं. मीच म्हटलं, काहीतरी गणित मांडा, आई गणितापुढे गप्प बसते. आणे सुद्धा मीच कमी करायला लावले. तुम्ही सगळे त्यांना बोललात, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आणि त्यांनी एकदाही माझं नाव घेतलं नाही.”

ती पुन्हा खवायला लागली. खाली पोरं ओरडत होती. मी वाटी घेऊन परत गॅलरीत आले आणि भावोजींच्या शेजारी बसले. चार वर्षांचं बोलणं साठलेलं, त्यातलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं. म्हटलं, “भावोजी, साखर घ्या.”

त्यांनी चिमूटभर घेतली आणि ती तळहातावर झाकून आत ताईला द्यायला गेले.