कूलरसमोरचा कॉम्प्युटर
ओल्या खसाचा वास आला, की मला नागपूरच्या घरातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. संध्याकाळी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि त्यात प्रोग्राम लिहून चालवून दाखवायचा होता. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स कसंबसं बसलं होतं. पण प्रोग्राम चालवण्यासाठी लागणारा कंपायलर बनायला लागला, की मशीन तापून बंद पडायचं. शेवटी मी हट्टालाच पेटले. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, तो थेट कूलरसमोर मांडला आणि त्यावर पाणी उडू नये म्हणून कूलरची पाण्याची मोटर बंद केली. कूलरच्या खसाच्या ताट्या वाळल्या, खोलीत गरम वारा फिरायला लागला, तशी खाली फरशीवर झोपलेली आई उठून बसली. "काहून वं, मले उकडून राहिलं अन् तू त्या डब्याले हवा देऊन राहिली?" मी म्हटलं, "आई, आता हा बंद पडला तर नोकरी गेली समज." तिनं दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतला आणि स्क्रीनवर पळणाऱ्या ओळी बघत माझ्याशेजारी बसून राहिली. अखेर ओळी थांबल्या. मी छोटासा प्रोग्राम चालवला, त्यानं 'नमस्कार' म्हटलं. "झालं का वं?" "झालं." "मंग मोटर चालू कर, अन् कूलरचं तोंड इकडे फिरव." आता ऑफिसच्या एसीत नवं मशीन चहा होईपर्यंत तयार होतं, तरी पहिला प्रोग्राम चालला, की मी मागे वळून बघते, कुणाला उकडत तर नाही ना.