नातू सरांना ‘रे’ म्हणायचं नाही

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी कायम साचलेल्या असतात. तपासायचे पेपर आणि किस्से. पेपर निदान निकालाआधी हातावेगळे करावे लागतात. किश्श्यांना तसली काही सक्ती नाही. आमच्याकडे गेल्या वर्षभरात साचलेले बहुतेक सगळे किस्से एकाच माणसाच्या नावावर जमा आहेत. नातू सर!

सर गणिताचे. निवृत्त झाले तरी नारायण पेठेतल्या घरून रोज मधल्या सुट्टीत आमच्यात चहाला येतात. एकदा नव्या शिक्षिकेनं भाबडेपणानं विचारलं, "सर, अजून येता?"

"निवृत्त नोकरीतून झालोय. चहातून नाही."

तर हे सर गेल्या दिवाळीत बाथरूममध्ये घसरले आणि मनगट मोडून बसले. बायको गेल्यापासून घरात एकटेच. मुलगी मेधा हिंजवडीला, आयटीत. तिनं प्लास्टर निघायच्या आत फर्मान काढलं, "अहो बाबा, पुन्हा एकदा पडलात की सामान बांधायचं आणि आमच्याकडे यायचं. चर्चा नाही." नातूंच्या घरात वडिलांना अहो-जाहोच करतात, त्यामुळे धमकीसुद्धा आदरार्थी!

सरांनी पेठ सोडायची? "हिंजवडीत माणसं राहत नाहीत हो, लॉगिन करतात," असं म्हणाले खरे, पण त्या दिवशी त्यांचा चहा निम्मा तसाच राहिला. मला फार वाईट वाटलं. सर नसलेली मधली सुट्टी मला कल्पनेतसुद्धा नको होती.

डॉक्टर म्हणाले, पायात ताकद आणि शरीराला तोल हवा, काहीतरी व्यायाम करा. आमच्या पी.टी.च्या पठारे बाई म्हणाल्या, "सर, एखादा मार्शल आर्ट धरा. ताकद, तोल, दम, सगळं एकाच फीमध्ये."

"एकाच फीमध्ये" हे शब्द सरांना पटले. सोबतीला पठारे बाई आणि मी. माझे गुडघेही काही फार स्वाभिमानी राहिले नव्हते.

*

पहिला मान कराटेचा. क्लास घरापासून दोन गल्ल्यांवर, आणि शिकवणारा प्रसाद म्हणजे सरांचाच माजी विद्यार्थी. पहिल्या दिवशी सगळे रांगेत उभे राहिले. प्रसादनं छाती भरून घेतली आणि ओरडला, "रे!"

पोरं कमरेत वाकली. सर ताठ!

"कोणाला म्हणालास?"

"सर, जपानी शब्द आहे. ‘रे’ म्हणजे नमस्कार करा."

"जपानात असेल. नारायण पेठेत ‘रे’ म्हणजे ‘रे’च. दहावीला काठावर सुटलास तेव्हा मी तुला ‘रे’ म्हणत होतो, तू मला नव्हे!"

बिचारा प्रसाद! सरांपुढे आजही त्याचे हात आपोआप पाठीमागे जातात. त्यानं तडजोड काढली. दुसऱ्या दिवसापासून नमस्काराची आज्ञा झाली, "अहो!" पोरांना काय, मज्जाच. चार-पाच दिवस सुरळीत गेले. मग एका संध्याकाळी एक आई मुलाला सोडायला आली आणि दारातून नवऱ्याला हाक मारली, "अहो! चावी कुठंय?"

अख्खा वर्ग वाकला. मागच्या रांगेतल्याचं डोकं पुढच्याच्या पाठीत, आणि नवरा बाहेर चक्क मागे वळून बघतोय की आपल्याला हा मान अचानक कुठून!

प्रसादनं दुसऱ्या दिवशी सरांची फी परत केली. स्वतः घरी येऊन, वाकून.

*

मग ताई-ची. बागेत, सकाळी सहाला. शिकवणाऱ्या बाई इतक्या हळू बोलायच्या की पुढचा शब्द येईपर्यंत मागचा विसरायला व्हायचं. "हात... असा... ढगासारखा... पुढे..."

सरांनी तीन सकाळी ढग ढकलले. चौथ्या दिवशी विचारलं, "बाई, समजा चोर आला."

"हं..."

"हा हात त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर चोर चहा घेऊन परत येईल. त्याला थांबायला सांगायचं की कसं?"

बाई गोड हसल्या. ते हसू संपायच्या आत आम्ही घरी होतो.

*

पठारे बाईंचं सासर खडकवासल्याच्या बाजूला. त्यांचे सासरे, आबा, जुने पैलवान. बाई म्हणाल्या, परदेशी थेरं बास, आपली कुस्ती काय वाईट? एका रविवारी आम्ही तिघं आबांच्या अंगणात.

आबांनी सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मास्तर, बसा बरं खाली."

सर बसले.

"आता उठा. हात न टेकता."

सरांनी पुढे झोका घेतला, मागे झोका घेतला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. शेवटी म्हणाले, "इथं हवा छान आहे. बसतो थोडा वेळ."

आबा पोट धरून हसले. मग हात देऊन उठवत म्हणाले, "मास्तर, कुस्ती लई लांबची गोष्ट हाय. तुमचं भांडान मानसांशी न्हाईच. जमिनीशी हाय!"

विश्रांतवाडीला एक शेख मॅडम ज्यूदो शिकवतात, असं परतताना रिक्षात पठारे बाईंनी सांगितलं, तेव्हा सरांनी लांब आहे, ऊन आहे, एवढंही म्हटलं नाही. मला काळजीच वाटली!

*

शेख मॅडम उंचीला सरांच्या खांद्याएवढ्या, आवाज मात्र दुमजली. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "ज्यूदोत आधी पडायला शिकायचं."

"ते मला येतं," सर म्हणाले. "एक्स-रे आहे माझ्याकडे."

"तुम्ही नुसते पडता. मी न लागता पडायला शिकवते."

हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि अंग टेकताना तळहातानं जमिनीवर सणसणीत थाप! म्हणजे मार वाटला जातो, डोकं वाचतं. मग हात न टेकता उठायचं. आणि प्रत्येक वेळी उठल्यावर मॅडम ओरडणार, "रे!"

मी डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, "मॅडम, एक विनंती आहे, त्या शब्दाऐवजी..."

"माझ्या गादीवर ‘रे’च!"

आणि सर वाकले! कारण त्या आधीच्या मिनिटात ते आयुष्यात पहिल्यांदा न लागता पडले होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मीही उगाच वाकले.

*

सरांनी घरी सराव सुरू केला. जमिनीवर सतरंज्यांची चळत, तिच्यावर आडवं होणं, थाप, उठणं, नमस्कार. खालच्या मजल्यावर आपटे. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी वर आले.

"नातू, काय चाललंय?"

"पडतोय."

"पडा की! घर तुमचं आहे. फक्त दुपारी एक ते चार पडू नका."

एवढं बोलून आपटे खाली गेले. ‘का पडता?’ हा प्रश्न त्यांना पडलाच नाही!

*

मेधाला मात्र सरांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. या वयात ज्यूदो म्हटल्यावर ती तातडीनं न्यायला येईल, ही भीती. झालं उलटंच. तिनं सहज आपट्यांना फोन केला, "काका, बाबा बरे आहेत ना?"

आपटे म्हणाले, "उत्तम. रोज पडतात. पण आता वेळेत पडतात."

पुढच्या रविवारी मेधा गाडीभर रिकामी खोकी घेऊन हजर! सरांनी घाबरून आम्हा दोघींना बोलावून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा पुस्तकांचं कपाट निम्मं रिकामं झालं होतं आणि सर काकुळतीला आले होते.

"मेधा, ऐक तरी. मी मुद्दाम पडतो गं."

"अहो बाबा, हे तर आणखी वाईट!"

"तसं नव्हे. पडायला शिकायला विश्रांतवाडीला जातो."

तिनं आमच्याकडे पाहिलं. पठारे बाई आणि मी मान हलवत होतो. आम्ही तिघांनी मिळून वेड पांघरलंय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"अहो बाबा, बास. आज निघायचं."

सर दुखावून एक पाऊल मागे सरले. मागे खोकं. टाच अडकली आणि सर पाठीवर गेले!

सतरंजी नाही, काही नाही, नुसती फरशी. पण हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि तळहाताची अशी सणसणीत थाप की खिडकीची तावदानं वाजली. पुढच्या क्षणी सर हात न टेकता उभे!

मेधा पांढरीफटक पडली होती. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालं, "बाबा! लागलं का रे?"

त्या ‘रे’सरशी सरांचे पाय जुळले, हात मांड्यांवर गेले आणि ते मुलीसमोर कमरेत वाकले.

तेवढ्यात खालून आपट्यांचा आवाज आला, "नातू! दीड वाजलाय!"

मेधानं डोळे पुसले, गॅलरीत गेली आणि खाली वाकून म्हणाली, "काका, आजचा दिवस सांभाळून घ्या. उद्यापासून बाबा इथं चारनंतरच पडतील!"