अठ्ठ्याऐंशीचे निम्मे

ती दुपार आजही लख्ख आठवते, कारण त्या दिवशी आरोपीपेक्षा तपास अधिकारी अडाणी निघाला. तपास अधिकारी मीच होतो.

पातूरजवळच्या एका मंगल कार्यालयातल्या आवाजाची तक्रार आली. आमचे ध्वनिमापक यंत्र नुकतेच हार-नारळाच्या समारंभात ठाण्यात दाखल झाले होते. भाषणे झाली, पण ते वाचायचे कसे हे कोणी सांगितले नव्हते. जागेवर यंत्राने अठ्ठ्याऐंशी डेसिबल दाखवले. साऊंडवाल्याला मी बजावले, "आवाज निम्मा कर." तासाभराने तिथेच पुन्हा मोजले, तर पंच्याऐंशी. माझ्या हिशेबाने चव्वेचाळीस हवे होते. तेवढ्यात कार्यालयाच्या एका शेजाऱ्याची फोनवर खबर आली, की टेम्पोत दुसरा अॅम्प्लिफायर दडवलाय. झडतीत तो सापडलाही.

साऊंडवाला पन्नाशीचा, माळ्याच्या घरचा. भाजीचा मळा भावावर सोपवून या धंद्यात आलेला. सेट जप्त करून मी 'पोलिसांची फसवणूक' असा शेरा मारला. तो कायम राहिला असता, तर तालुक्यात त्याला पुन्हा परवानगी मिळाली नसती. ठाण्यात त्याचा जबाब सुरू झाला.

"दुसरा अॅम्प्लिफायर कशाला?"

"एक बिघडला तर नवरदेव मलेच मारन ना, साहेब."

"आणि आवाज का नाही उतरवला?"

"मी खोटं काहून बोलू? तुमी निम्मा म्हटलं, म्या ताकद निम्मी केली. तुमच्या आवारात दोन सारख्या जीपा हायेत. यंत्र मधात ठेवा अन् एक चालू करा."

केली. सत्तर.

"आता दुसरी बी करा."

हवालदाराने कानांवर हात ठेवले. "साहेब, आता एकशेचाळीस!"

यंत्राने त्र्याहत्तर दाखवले. हवालदाराने त्याला दोन टपल्या मारल्या. त्र्याहत्तरच.

"डेसिबल म्हंजे वांगे नोय, का दोन ढीग केले अन् दुप्पट झाले," साऊंडवाला शांतपणे म्हणाला. "ताकद दुप्पट झाली का तीन वाढतात, दहापट झाली का दहा. निम्मी केली का तीन उतरतात."

"मग चव्वेचाळीस आणायला?"

त्याने वकील नाही, पेन मागितले. जबाबाच्या कोऱ्या कागदावर आकडेमोड करून म्हणाला, "पंचवीस हजारातला एक हिस्सा ठेवा लागते. मंग नवरीले बी ऐकू येत नाही."

मी स्टेशन डायरी उघडली. आधी अठ्ठ्याऐंशी, नंतर पंच्याऐंशी. त्याने हुकूम तंतोतंत पाळल्याचा पुरावा माझ्याच अक्षरात होता. धंदा पणाला लागलेला असताना हा माणूस आवाज न चढवता आख्ख्या ठाण्याला गणित शिकवत होता.

मर्यादा ओलांडल्याची कारवाई टळली नाही. त्याने ती मान्य केली. फसवणुकीचा शेरा मात्र मी खोडला, खाली सही केली आणि सेट सोडला. त्यानंतर कोणालाही 'आवाज निम्मा कर' असे सांगितले नाही. लेखी आकडा देत गेलो.

आपल्याला न कळलेले उत्तर खोटेच असते असे नाही, हे मी नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी शिकलो. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत किती जणांचे खरे बोलणे मी खोडून काढले असेल, ते मोजायचे यंत्र सरकारने अजून दिलेले नाही.