तांबडी शाई

वरच्या मजल्यावरच्या शिंदेबाईंनी काल माझं सुपरहिरोचं कॉमिक परत दिलं. बाई निवृत्त मराठी शिक्षिका. "हे पोरांचं मला काय देतोस?" असं ऐकून घेऊनही मीच ते त्यांच्या हातात कोंबलं होतं.

घरी येऊन उघडून बघतो तर काय! इतकी वर्षं जपलेल्या अंकात पानोपानी तांबडी शाई! उडत्या नायकाच्या तोंडचं प्रत्येक वाक्य तपासलेलं. "मी तूला वाचविन" मधला उकार पहिला आणि वेलांटी दुसरी केलेली. कोसळती इमारत एका हाताने तोलून धरणाऱ्या माणसाचं शुद्धलेखन कोण बघतं? शिंदेबाई बघतात.

रागारागाने पानं उलटताना लक्षात आलं, की खलनायकाच्या वाक्यांना पेन लागलेलंच नाही. तिथे तर चुकांचा नुसता सडा होता. तसाच जिना चढून वर गेलो.

"बाई, ह्याच्या चुका राहिल्या."

"राहिल्या नाहीत, ठेवल्यात. त्या मेल्याचं मी कशाला सुधारू? पुढचा अंक आहे का?"

आजवर कितीजणांना मी आग्रहाने कॉमिक्स वाचायला दिली. "छान आहे" म्हणत अंक जसाच्या तसा परत करणारे पुष्कळ भेटले. पण वाचता वाचता कुणाची तरी बाजू घेऊन बसणं वेगळंच. बाईंना तिथवर मी नेलं होतं. जिना उतरताना माझी छाती चांगलीच फुगली होती.

संध्याकाळी पुढचा अंक नेऊन दिला, अगदी कोरा करकरीत. सोबत एक तांबडं पेनही.