जहाजावरचा सोमवार

मंगळवारी सकाळी फोन आला. माझा नवरा तासाभरापूर्वी जहाजावर वारला होता. मी चहाखालचा गॅस बंद केला.

तोंडवलीच्या घरात बसून मी शहरातल्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. निरनिराळ्या देशांतल्या तारखा आणि वेळा एकमेकींशी जुळवणं, हेच काम. नवरा जहाजावर नोकरीला होता, त्याच्यासाठीही एक लहानसा प्रोग्रॅम केला होता. पडद्यावर दोन घड्याळं, एक घराचं, एक जहाजाचं. महासागर ओलांडताना जहाजावरचं घड्याळ पुढेमागे करावं लागतं. तसं केलं की तो फोनवर सांगायचा आणि मी आकडा बदलायचे.

"कप्तानान आज एक तास फुकट दिल्यान गो. अर्धो तुका होयो?"

"माका नको. तूच झोप."

जहाजाच्या कागदावर मृत्यूची वेळ सोमवार संध्याकाळची होती. तिथे तेव्हा सोमवारच होता. दिराने तो कागद समोर ठेवून पंचांगात सोमवार पाहिला. संध्याकाळी नवमी. म्हणून पहिलं मासिक श्राद्ध नवमीला घातलं. वडे झाले, काळ्या वाटाण्याची आमटी झाली. माडाखाली पान ठेवलं. कावळे कुंपणावर बसून होते, पण एकही खाली उतरला नाही. सासूबाई कितीतरी वेळ उन्हात उभ्या होत्या. शेवटी पान गाईला घातलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. घडलेला क्षण जगभर एकच धरायचा आणि तारीख जिथे वाचायची तिथल्या घड्याळाने काढायची. पुढे एकदा कामाला बसले असताना तो नियम आठवला आणि हात थांबला. पंचांग इथलं होतं, वेळ मात्र आम्ही जहाजावरची घेतली होती. मी पंचांग काढलं. नवमी मंगळवारी पहाटेच संपली होती. तो गेला तेव्हा इथे दशमी होती.

सासूबाई घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. त्यांना सांगितलं.

"म्हणजे माझ्या झिलाक चुकीच्या दिसा जेवूक बोलवलंव?"

"होय, आई."

त्यांनी हातातलं सोल खाली ठेवलं. "मगे तो तरी कसो येतलो?" म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा चेहरा सैल झाला.

पुढच्या महिन्यात दशमीला पान ठेवलं. एक कावळा उतरला आणि वडा घेऊन उडाला.

"बघ गो, आधी वडो! आमटीक तोंड नाय लावल्यान. तोच तो!" त्या हसल्या आणि हसता हसता पायरीवर बसून रडू लागल्या. माझा कावळ्यावर विश्वास नाही. तरी संध्याकाळपर्यंत मी ते पान उचललं नाही.

पडद्यावरची दोन्ही घड्याळं अजून चालतात. जहाजाच्या घड्याळाला त्याने शेवटचा सांगितलेला आकडाच आहे. जहाज केव्हाच पुढे गेलं असेल. तिथे आता किती वाजले, ते मला ठाऊक नाही.